दोघींचा हयातीचा दाखला

मला गाडी फक्त दहा फूट मागे सरकवायची होती. हे सुरुवातीलाच स्पष्ट सांगतो, कारण पुढे जे झालं ते बघून आमच्या गल्लीत असा समज पसरला, की मला पन्नाशीनंतर जुन्या गाड्यांचा नाद लागला. मला कसलाही नाद नाही. मी पाणीपुरवठा खात्यात तक्रार विभागात काम करतो. नाद लागायला माणसात जी धडाडी असावी लागते, ती आमच्या विभागात पहिल्याच वर्षी काढून घेतात.

गाडी सरकवायची होती ती आईसाठी. आईला आतड्याचा कॅन्सर निघाला होता, आणि यकृतावर त्याचे दोन ठिपके होते. डॉक्टरबाईंनी सांगितलं, दर पंधरा दिवसांनी एक अशा आठ केमो, मग स्कॅन, आणि ठिपके आक्रसले असतील तर ऑपरेशन. नसतील आक्रसले तर, असं मी विचारलं. त्यांनी टेबलावरचं पेन उचललं, परत तिथंच ठेवलं आणि म्हणाल्या, मग बघू. मी स्वतः सव्वीस वर्षं लोकांना 'मग बघू' हेच सरकारी भाषेत लिहून पाठवत आलोय, त्यामुळे त्याचा अर्थ मला लगेच कळला. आईलाही कळला. हॉस्पिटलच्या पायऱ्या उतरताना ती एवढंच म्हणाली, की बाई हुशार आहे, उगाच हॉर्न वाजवत नाही.

आई असंच बोलते. तिनं सव्वीस नव्हे, एकतीस वर्षं ड्रायव्हिंग स्कूल चालवलं. एकटीनं, एकाच गाडीवर. अर्ध्या गावाला तिनं गाडी शिकवली आणि उरलेल्या अर्ध्याला रस्त्यातून बाजूला व्हायला शिकवलं. सगळे तिला नुसतं 'बाई' म्हणतात. तिच्या पोटच्या मुलाला मात्र गाडी येत नाही. मी बसनं कामावर जातो. ही गोष्ट नव्यानं ओळख झालेल्या माणसाला कळली, की तो आधी हसतो, मग माझ्याकडे बघून हसू आवरतं घेतो, आणि मला त्या आवरण्याचाच जास्त राग येतो.

तर आई वरच्या मजल्यावर राहायची. मध्ये सतरा पायऱ्यांचा जिना. केमोनंतर तिला तो जमणार नाही हे उघड होतं. खाली स्वयंपाकघर, आमची झोपायची खोली, एक अरुंद बसायची खोली आणि गॅरेज. बायको म्हणाली, गॅरेजची छान खोली होईल, पूर्वेला खिडकी पाडू. गवंडी सोमवारी येणार होता. शनिवारी मी गॅरेजचं दार उघडलं.

स्कूल बंद करून नऊ वर्षं झाली होती, आणि गाडी तेव्हापासून तिथंच उभी होती. गोल दिव्यांची, पाठीला थोडं पोक असलेली, एकेकाळी मोरपंखी रंगाची. तिच्यावर दोन सुटकेसा, एक पाळणा, रद्दीचे गठ्ठे आणि माझं लग्नातलं जाकीट होतं. ते सगळं उतरवून मी बॉनेटला दोन्ही हात टेकले आणि ढकललं. गाडी हलली नाही. बायको आली, दोघांनी ढकललं. माझ्या पाठीत काहीतरी हललं, गाडी हलली नाही.

एवढ्यात शेजारचे काका कुंपणापाशी आले. काका हे रेल्वेच्या पार्सल ऑफिसातून निवृत्त झालेले. त्यांच्याकडे आयुष्यात कधी वाहन नव्हतं, त्यामुळे त्यांच्या मतांच्या आड अनुभव येत नसे. त्यांनी आधी हँडब्रेक काढायला सांगितला. तो काढलेलाच होता. मग टायरांत हवा भरायला सांगितली, मग हवा पूर्ण सोडायला सांगितली. शेवटी म्हणाले, कशाला जीव काढताय, भंगारवाल्याला बोलवा, तो जागेवर चार तुकडे करून अर्ध्या तासात घेऊन जाईल. मला ते पटलं. सांगायला लाज वाटते, पण पाठीत उसण भरलेल्या माणसाला पुष्कळ गोष्टी पटतात.

वरच्या खिडकीचा पडदा हलला. आठ दिवस जी खाली उतरली नव्हती ती आई जिना उतरून आली. स्वेटर, डोक्याला रुमाल, हातात कठडा. तिनं काकांना नमस्कार केला, माझ्याकडे बघितलंही नाही, गाडीचं दार उघडलं आणि ड्रायव्हरच्या जागी बसली. बराच वेळ बसली. मग काच खाली करायचा प्रयत्न केला, ती उतरेना, तेव्हा दार उघडून म्हणाली,

"ही जाईल तर स्वतःच्या चाकांवर जाईल. ब्रेक धरलेत तिचे. मिस्त्रींना फोन कर."

गवंड्याला मी आठ दिवस थांबायला सांगितलं. पुढे तो दोन महिने थांबला.

मिस्त्री आले ते सायकलवर. आईच्या गाडीचं सगळं काम एकतीस वर्षं त्यांनीच केलं होतं. त्यांना उजव्या कानानं ऐकू येत नाही, कारण तो कान इंजिनाकडे असायचा. त्यांनी गाडीभोवती एक चक्कर मारली, खाली वाकून पाहिलं, चाकावर टकटक केलं, मग आईकडे बघितलं आणि विचारलं, तुमचं काय म्हणतात डॉक्टर. आई म्हणाली, यकृतावर दोन ठिपके. मिस्त्री म्हणाले, हिच्या टाकीला तीन भोकं आहेत. दोन माणसं इतक्या कमी शब्दांत एकमेकांची विचारपूस करताना मी पहिल्यांदाच पाहिली.

आता एक वाक्य सांगतो, ज्यानं माझं वाटोळं केलं. 'उघडलंच आहे तर.' मिस्त्रींनी ब्रेक सोडवायला चाकं उघडली. उघडलंच आहे तर बेअरिंग बघून घेऊ, म्हणाले. बेअरिंग बघितली, तर ब्रेकच्या तेलाची नळी सडलेली. नळी काढलीच आहे तर मागून पुढपर्यंत सगळीच बदलू. बदलायला सीट काढल्या, तर मागच्या सीटच्या पोटात उंदरांनी घर केलेलं, आणि त्या घरात आईच्या स्कूलची जुनी पावतीपुस्तकं बारीक कातरून अंथरलेली. सीट काढल्याच आहेत तर खालचा पत्रा बघू, म्हणून पत्र्यावर बोट ठेवलं आणि बोट आरपार जमिनीला लागलं. तिसऱ्या आठवड्यात मला गाडीतून फरशी दिसायला लागली होती, आणि मी अजून तिला एक इंचही मागे सरकवलं नव्हतं.

आईसाठी आम्ही बसायच्या खोलीत पलंग टाकला. म्हणजे खोलीचा प्रश्न तसा सुटला होता. गाडी बाहेर काढण्याचं मूळ कारणच उरलं नव्हतं. हे मी बायकोला एकदा दबक्या आवाजात सांगितलं. ती कणीक मळत होती. ती म्हणाली, आईंनी आज सकाळी दोन वाट्या खिमट खाल्लं आणि मिस्त्री किती वाजता येणार म्हणून विचारलं. मग परत कणीक मळायला लागली.

केमोनंतरचे तीन-चार दिवस आई उठायची नाही. पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडायची. पण गॅरेज भिंतीपलीकडेच, त्यामुळे तिला सगळं ऐकू यायचं. मी काही ठोकत असलो की आतून क्षीण आवाज यायचा, की तो नट उलटा फिरवतोयस. आणि तो उलटाच असायचा. जरा बरं वाटलं की ती शाल गुंडाळून गॅरेजात खुर्चीवर येऊन बसायची. त्या औषधाचा एक गुण असा, की गार वस्तूला हात लावला की बोटांना सुया टोचल्यासारखं होतं. आईला पान्याला हात लावता येईना. दोनदा तिनं पाना उचलला आणि लगेच मांडीवर टाकला. दुसऱ्या दिवशी बायकोनं सगळे पाने गरम पाण्याच्या पातेल्यात टाकले आणि पुसून, माझ्या लोकरीच्या मोज्यात घालून आईला दिले. तेव्हापासून आमच्या घरात सकाळी एका शेगडीवर चहा आणि दुसरीवर पाने उकळायचे. एकदा गडबडीत चहात ग्रीसचा तवंग आला. काकांनी तो चहा पिऊन पावडर बदलली का म्हणून विचारलं.

आजाऱ्याला भेटायला येणारी माणसंही याच काळात वाढली. आजाऱ्याशी काय बोलावं हे कुणालाच ठाऊक नसतं. लोक चेहरा पाडून यायचे, खुर्चीच्या कडेवर बसायचे, तब्येतीला जपा म्हणायचे आणि मग घड्याळाकडे बघायचे. आई त्यांना पाच मिनिटं सोसायची आणि म्हणायची, चला, गाडी दाखवते. गॅरेजात गेल्यावर त्याच माणसांना कंठ फुटायचा. आजारावर कुणाला मत नव्हतं, पण कार्बोरेटरवर सगळ्यांना होतं. एका जुन्या विद्यार्थिनीनं सीट शिवून द्यायचं कबूल केलं. एकानं पितळी पॉलिश आणून दिलं, जे लावायला गाडीत एकही पितळी वस्तू नव्हती. जाताना बहुतेकांचे चेहरे आले तेव्हापेक्षा बरे असायचे. आईचाही.

चौथ्या केमोच्या आधी इंजिन सुरू होण्याजोगं झालं. मिस्त्री खाली आडवे होऊन काहीतरी आवळत होते, ते बाहेर आले आणि मला म्हणाले, किल्ली फिरवा. मी आत बसलो आणि फिरवली. गाडी गिअरमध्ये आहे का, हे आधी बघायचं असतं, ते मला माहीत नव्हतं. ब्रेकचे भाग बाहेर कागदावर मांडून ठेवलेत, हे माहीत होतं, पण त्या क्षणी आठवलं नाही. गाडीनं नऊ वर्षांनी पहिला हुंकार भरला आणि जी मागे जावी म्हणून मी दोन महिने राबत होतो, ती चार फूट पुढे गेली. समोर स्वयंपाकघराची भिंत होती.

भिंतीपलीकडे बायको उभी होती. तिच्या समोरच्या फळीवरचे डबे एकेक करून खाली आले आणि सगळ्यांच्या शेवटी एक वीट, अगदी सावकाश, आत सरकली. बायकोनं ती वीट उचलून ओट्यावर ठेवली, भोकातून वाकून पाहिलं, मी जिवंत आहे याची खात्री केली आणि गॅस बंद केला. आरडाओरडा केला असता तर बरं झालं असतं. ती दिवसभर माझ्याशी फार सौजन्यानं वागली.

आई खुर्चीत बसून हसत होती. केमो सुरू झाल्यापासून ती हसली नव्हती. पोट धरून, डोळे पुसत, मध्येच दमून, परत सुरू. ती म्हणाली की इंजिनाचा आवाज मात्र चांगला लागलाय. गवंडी आला, भगदाड बघितलं आणि म्हणाला, उघडलंच आहे तर इथं दार काढू. दार काढलं.

मग कागदपत्रं. परिवहन कार्यालयात योग्यता प्रमाणपत्रासाठी अर्ज द्यायला मी गेलो. खिडकीतल्या कारकुनानं गाडीचा नंबर टाइप केला, पडद्याकडे बघितलं आणि सांगितलं, की ही गाडी सहा वर्षांपूर्वी नष्ट झालेली आहे. मी म्हणालो, ती आमच्या गॅरेजात उभी आहे. तो म्हणाला, नोंदीप्रमाणे ती चेपून वितळवलेली आहे. बऱ्याच शोधानंतर कळलं, की नगरपालिकेचा एक कचऱ्याचा ट्रक भंगारात काढताना कुणीतरी शेवटचा आकडा चुकवला होता. त्यामुळे आमची गाडी मेली होती आणि तो ट्रक सरकारदरबारी अजून ठणठणीत होता. मी चूक दुरुस्त करायचा अर्ज दिला. पंधरा दिवसांनी उत्तर आलं, 'आपल्या तक्रारीची नोंद घेण्यात आली असून योग्य ती कार्यवाही करण्यात येईल.' हे वाक्य मी रोज लिहितो. ते मिळाल्यावर माणसाला कसं वाटतं, हे मला सव्वीस वर्षांत प्रथम समजलं.

मी पुन्हा गेलो. या वेळी कारकुनानं माझ्यावर दया येऊन खाजगीत सल्ला दिला, की मेलेली गाडी जिवंत करायचा नमुना अर्ज कार्यालयात नाही. माणसाचा असतो तसा गाडीच्या हयातीचा काही पुरावा, कुणी जबाबदार अधिकाऱ्यानं प्रत्यक्ष पाहिल्याचा दाखला आणता आला, तर बघू. मग बघू, असं तो म्हणाला नाही, एवढंच समाधान.

हे घरी सांगितल्यावर आई म्हणाली, मी येते. पाचवी केमो होऊन आठच दिवस झाले होते. मी नको म्हणालो, बायको नको म्हणाली, काकांनी खिडकीतून नको म्हणून सांगितलं. आई टॅक्सीत जाऊन बसली.

कार्यालयात तिला खुर्ची मिळवून देईपर्यंत माझ्या नाकी नऊ आले. ती मोठ्या साहेबांच्या दारासमोर बसून राहिली, रुमालाखाली डोक्यावर एक केस नाही, मांडीवर मोठी पर्स. साहेब जेवून येत होते. चांगला धिप्पाड, पिकल्या मिशांचा माणूस. आईला बघितलं आणि जागच्या जागी सरळ उभा राहिला. तो एकोणीस वर्षांचा असताना आईनं त्याला गाडी शिकवली होती, आणि ज्या परीक्षेत सगळे पास व्हायचे त्या परीक्षेला त्याला दोनदा बसू दिलं नव्हतं, कारण तो वळताना आरशात बघायचा नाही. तो म्हणाला, बाई, तुम्ही कशाला आलात, मीच आलो असतो. आईनं पर्समधून एक कागद काढला. बाबा गेल्यापासून त्यांच्या पेन्शनसाठी ती दरवर्षी बँकेत देते तो.

"माझा हयातीचा दाखला मी दरवर्षी देते," ती म्हणाली. "या वर्षी दोघींचा एकदम घ्या. तिचाही लिहा. पुढच्या वर्षीचं पुढच्या वर्षी बघू."

साहेब हसले नाहीत. त्यांनी कागद घेतला, परत दिला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी स्वतः आमच्या गॅरेजात येऊन गाडीचा चासी नंबर टॉर्चनं वाचला. दाखल्यात लिहिलं, 'सदर वाहन मी समक्ष पाहिले असून ते हयात आहे.' त्याची एक प्रत बायकोनं फ्रिजवर लावली.

सहाव्या केमोनंतर गाडी रस्त्यावर न्यायची होती. रंग लागला होता, मोरपंखी, आईनं स्वतः डबा बघून निवडलेला. मिस्त्री नवा शर्ट घालून आले. काका फाटकाशी उभे राहून मोकळ्या रस्त्यावरची रहदारी थांबवत होते. आई ड्रायव्हरच्या जागी बसली. आरसा नीट केला. हात स्टिअरिंगवर ठेवले. आणि मग काहीच झालं नाही. मला वाटलं गाडी सुरू होत नाहीये. पण किल्ली तिनं फिरवलीच नव्हती. ती खाली आपल्या पावलांकडे बघत होती. थोड्या वेळानं ती उतरली, सगळ्यांना म्हणाली आज नको, आणि आत जाऊन पलंगावर बसली.

मी मागोमाग गेलो. ती एक पाऊल हातात धरून चोळत होती.

"पायाखाली काय आहे ते मला कळत नाही," ती म्हणाली. "क्लच आहे का ब्रेक आहे, काही कळत नाही. लाकडाचे झालेत."

डॉक्टरबाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, औषधानं होतं असं, काहींचं वर्षभरात परत येतं, काहींचं थोडं उरतं. आईनं ते शांतपणे ऐकून घेतलं आणि मला सांगितलं, की गाडी मिस्त्रींच्या ओळखीच्या कुणालातरी देऊन टाक, गॅरेजची खोली करून टाका. तिनं आवाज जराही चढवला नाही, आणि त्यानंच मी घाबरलो. तीन महिने मी त्या गाडीला मनातल्या मनात शिव्या घातल्या होत्या. अंगठ्याचं नख गेलं होतं, रजा संपल्या होत्या. सुटका समोर आली होती, आणि मी तिच्या पलंगाच्या कडेवर बसून म्हणालो,

"मग मला शिकव."

तिनं पाऊल चोळायचं थांबवलं. "तुला शिकवलं होतं एकदा."

"तीन दिवस."

"तिसऱ्या दिवशी तू चौकात उतरलास आणि चालत घरी आलास."

"तू मला गाढव म्हणालीस. काच खाली होती. माझ्या वर्गातल्या दोन मुली फुटपाथवर उभ्या होत्या."

बत्तीस वर्षांत आम्ही हा विषय काढला नव्हता. आई भिंतीकडे बघत राहिली. मग म्हणाली, "लोकांची मुलं चुकली, की मला वाटायचं शिकतील हळूहळू. तू चुकलास की मला भीती वाटायची. भीती वाटली की माझा आवाज चढतो. आताही चढेल."

"चढू दे," मी म्हणालो. "काच वर ठेवू."

अशा रीतीनं वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षी मी शिकाऊ परवान्याच्या रांगेत उभा राहिलो. माझ्या पुढे आणि मागे कॉलेजातली मुलं होती. एका मुलीनं आदरानं मला विचारलं, की काका, तुमच्या मुलाचा नंबर मागे आहे का. फोटोत मी एखाद्या जुन्या गुन्ह्याची कबुली दिल्यासारखा दिसतो.

बंद पडलेल्या कापड गिरणीमागच्या मैदानात आमची शिकवणी सुरू झाली. शिकवणीच्या गाडीत शिक्षकाच्या पायाशीही एक ब्रेक असतो. आईला तो सापडायचा नाही, त्यामुळे तिच्याकडे हत्यार म्हणून फक्त आवाज उरला होता. तो तिनं पुरेपूर वापरला. सहाव्या केमोनं थकलेल्या बाईच्या अंगात एवढी हवा कुठून येते, मला कळेना. क्लच सोडताना माझा पाय थरथरायचा, गाडी बेडकासारखी उड्या मारायची आणि बंद पडायची. आई डोळे मिटायची, मनात काहीतरी मोजायची आणि म्हणायची, पुन्हा. काका एक दिवस हौसेनं मागच्या सीटवर बसले. दोन चकरांनंतर, बस मिळते का बघतो म्हणून उतरले. त्या मैदानावर बस येत नाही.

पण चौथ्या दिवशी एक गोष्ट घडली. मी वळण घेतलं, आरशात बघितलं, गिअर बदलला आणि गाडी नुसती चालत राहिली. आई काहीच बोलली नाही. मी घाबरून विचारलं, काय चुकलं. ती म्हणाली, काही नाही, समोर बघ. त्या दिवशी संध्याकाळी तिनं बायकोला सांगितलं, की याला येतं, फक्त कुणी बघत नसलं की येतं. मला ते भिंतीतल्या नव्या दारातून ऐकू आलं.

आठवी केमो झाली. स्कॅन झाला. निकाल घ्यायला जायचं होतं, तर आई म्हणाली, गाडीनं जाऊ. मी म्हणालो, टॅक्सी. ती म्हणाली, चांगलं ऐकायचं असेल तर गाडीनं गेलेलं बरं, आणि वाईट ऐकायचं असेल तर परत यायला टॅक्सीवाला कशाला बरोबर.

त्या प्रवासाचं सविस्तर वर्णन करत नाही. सिग्नलला गाडी तीनदा बंद पडली. मागे हॉर्नचं रान उठलं. एका बसचा ड्रायव्हर खिडकीतून अर्धा बाहेर येऊन मला काहीतरी सुनावणार होता. त्याची नजर शेजारच्या सीटकडे गेली, आणि तोंडातलं वाक्य गिळून तो म्हणाला, बाई, कशा आहात. आई म्हणाली, आज कळेल. त्यानं इंजिन बंद केलं आणि आम्ही हलेपर्यंत मागच्या सगळ्या गाड्या आपल्या बसनं अडवून धरल्या.

डॉक्टरबाईंनी पडद्यावर दोन चित्रं शेजारी शेजारी लावली. एक ठिपका दिसत नव्हता. दुसरा होता, पण वाटाण्याचा मसूर झालेला. त्यांनी सांगितलं, की ऑपरेशन करू, तीन आठवड्यांनी, सोपं नाही, पण करता येण्यासारखं आहे. पुढचं कुणी लिहून देऊ शकत नाही. आईनं विचारलं, टाके किती दिवसांचे. डॉक्टरबाईंनी ते सांगितलं. आईनं त्यांचे आभार मानले आणि दाराशी वळून सांगितलं, की तुम्ही तुमची गाडी उतारावर लावलीय, चाकं वळवून ठेवत जा.

येताना ती बोलत होती. डावीकडे ठेव, हात दाखव, त्या सायकलवाल्याला जाऊ दे. नदीवरचा पूल ओलांडला. नंतर बाजाराचा रस्ता आला, मी गिअर उतरवला, चढवला, एका हातगाडीला वळसा घातला, आणि माझ्या लक्षात आलं की बराच वेळ सूचना आलेली नाही. मान वळवायची हिंमत होईना. मग ऐकू आलं. आई घोरत होती. डोकं काचेला टेकलेलं, रुमाल कपाळावर सरकलेला, तोंड किंचित उघडं. एकतीस वर्षं तिनं दिवसाचे सहा-सहा तास दुसऱ्यांच्या हातात जीव देऊन काढले होते, आणि ती एकदाही, कुणाच्याही शेजारी झोपली नव्हती.

आमची गल्ली आली. बायको फाटक सताड उघडून उभी होती. काका गॅरेजसमोर दोन्ही हात वर करून मला आत घ्यायला सज्ज होते. थांबलो असतो तर इंजिन बंद झालं असतं, आणि ती जागी झाली असती. मी बायकोकडे बघून एक बोट ओठांवर ठेवलं आणि दुसऱ्या गिअरमध्ये, अगदी सावकाश, घरावरून पुढे गेलो.

काकांनी त्याच दिवशी सगळ्या गल्लीला सांगितलं, की याला गाडी चालवता येते पण थांबवता येत नाही. मी ते अजून खोडून काढलेलं नाही.